शेवटचा खांब

पोतनीस बाई आल्या, एकाच मे महिन्यात तिसऱ्यांदा.
पिशवीत टुल्लू पंप, पिशवीला जळक्या वार्निशचा वास.
हा वास आला की मी झाकण उघडायची घाई करत नाही,
आधी माणसाला पाणी देतो.

जनकगंजात माझं दुकान, आठ बाय सहा.
भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं,
कोपऱ्यात बांबूच्या पट्ट्या,
आणि बाहेर ग्वाल्हेरची अर्धी धूळ.

बाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवतात.
म्हणाल्या, ‘दिगंबर, मी हिशेब केलाय.
दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती.
दाब उतरला तर शक्ती उतरेल,
पंपानं हळू चालावं फार तर.
जळतो कशाला?’

मी म्हणालो, ते दिव्याचं झालं.
दिवा सोशिक. दोनशेतीसचे एकशेसाठ झाले
की तोही हात आखडतो.
शंभराचा बल्ब पन्नाशीचा होऊन
लालसर मिणमिणत बसतो,
पण बसतो.
मोटर तशी नाही, बाई.
तिच्या डोक्यावर पाणी उभं असतं, तीन मजले,
आणि पाण्याला काय ठाऊक
तारेत किती व्होल्ट आहेत?

बिलबुकाच्या पाठीवर मी मांडलं:
दोनशेतीस गुणिले तीन, सहाशेनव्वद.
काम तेवढंच, दाब एकशेसाठ,
तर प्रवाह सव्वाचारच्या वर.
‘तीनचे सव्वाचार,’ बाई म्हणाल्या, ‘एवढ्यानं?’
मग स्वतःच थांबल्या.
खडूच्या बोटानं काउंटरवर काहीतरी लिहिलं,
पुसलं.
‘ताप वर्गानं वाढतो,’ हळूच म्हणाल्या.
‘म्हणजे दुप्पट.’

मी जळकी गुंडाळी त्यांच्या हातात ठेवली.
काळी, ठिसूळ. तळहाताला काजळी लागली
आणि त्यांनी ती लगेच झटकली नाही.

‘स्टॅबिलायझर लावू का?’
फळीवर सात होते माझ्या.

स्टॅबिलायझर दाब पिकवत नाही.
घरात काटा दोनशेतीसवर नेतो
आणि त्याची भरपाई तारेकडून प्रवाहात घेतो.
तार जुनी, सांध्यासांध्याला गंजलेली;
जितका प्रवाह जास्त, तितका दाब वाटेत सांडतो.
पहिल्या खांबावरच्या गुप्ताजींनी लावला,
तशी शितोळ्यांच्या ट्यूबलाइटनं मान टाकली.
मग शितोळ्यांनी लावला.
दोन उन्हाळ्यांत आमच्या गल्लीत मी अकरा विकले,
प्रत्येकी दोनशे सुटले.
माझं घर शेवटच्या खांबावर.
तिथे संध्याकाळी एकशेतीस पोचतात.
फ्रिज नुसता खाकरतो,
बायको म्हणते, ‘तुमचं गिऱ्हाईक जेवतंय वाटतं.’

हे सगळं बाईंना सांगायचं नव्हतं.
सांगितलं.
त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत,
फक्त विचारलं, ‘मग?’

मोटर भरली मी, गेज एक नंबर जाड घेऊन,
जेवढी तार खाचेत मावली तेवढी.
आणि म्हणालो, पहाटे साडेतीनला चालवा.
तेव्हा गल्ली काही मागत नाही फारसं.
‘साडेतीन,’ त्या म्हणाल्या,
जणू मी औषधाची वेळ सांगितली.

काल मला साडेतीनला जाग आली.
मोरीतला बल्ब रात्रभर चालूच राहिला होता,
पांढराशुभ्र, दुसऱ्याच्या घरातला असावा तसा.
आमच्याच तारेवर, मधल्या खांबाच्या बाजूला,
एक पंप लागला.
आधी अर्धा क्षण कण्हणं,
मग भरलेला, गोल, सरळ आवाज.
मीटर न लावता सांगतो, दोनशेपंचवीस.
तीन अँपिअर, फार तर किंचित वर.

मी उठलो
आणि मोरीतला बल्ब बंद केला.